नजर छडीवर

संचालिकेची छडी खाली यायला हवी होती, ती हवेतच थांबली. वाद्यवृंद मात्र जराही न अडखळता पुढे वाजत राहिला.

मिनेगिशीने आपला गज तसाच चालू ठेवला. व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवर बसून वसंत ऋतूपासून त्यानेच हे जमवून आणलं होतं. ऐंशीच्या घरातल्या हिराइवाबाई हल्ली मध्येच ताल चुकत. तसं झालं की सगळ्यांनी त्याच्या गजाकडे पाहून वाजवायचं. बाईंना कळता कामा नये, एवढीच अट. मायेपोटी माणसं किती लबाड होतात! शनिवारच्या मैफलीला टोकियोहून लोक येणार होते, ते बाईंनाच पाहायला. देशात वाद्यवृंदापुढे छडी घेऊन उभ्या राहिलेल्या पहिल्या काही बायकांपैकी त्या एक.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आत्ता मी मुद्दाम चुकले. कुणाला कळलं?"

कुणी मान वर करेना.

"कळणार कसं? चहा घेऊन या जा सगळे. मिनेगिशी, तू थांब."

दालन रिकामं झालं.

"कधीपासून चाललंय हे?"

"तसं काही नाही हो, बाई..."

"खोटं बोलणं तुला लहानपणीही जमलं नाही. सराव करायचा नाहीस, आणि म्हणायचास तार तुटली."

"वसंतापासून," तो पुटपुटला. "तुमचा अपमान व्हायला नको म्हणून."

"अपमान?" बाई हसल्या, पण त्या हसण्यात काही राम नव्हता. "मी पहिल्यांदा उभी राहिले ना, तेव्हा ते सगळे पुरुष असेच वाजवत होते. बाईकडे बघून वाजवायची लाज वाटायची मेल्यांना. माझ्यापुढे नुसत्या खाली घातलेल्या माना. त्या वर आणण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यांनी ते तिरस्काराने केलं, तू मायेनं. इथून बघताना मला फरक दिसत नाही रे."

पन्नाशीचा मिनेगिशी पोरासारखा रडू लागला.

"पूस डोळे. बोलाव सगळ्यांना. पुन्हा सुरुवातीपासून घेऊ, आणि या वेळी माझ्याकडे बघायचं."

"आणि अडलं तर?"

"तर शनिवारी इथे तू उभा राहा."

सगळे येऊन बसले. बाईंनी हात उचलला, आणि सुरुवात इतकी सुरेख झाली की मिनेगिशीला वाटलं, उगाच घाबरलो आपण. मग हळूहळू छडी भरकटली. त्याच्या हाताला सावरून घ्यायची एवढी सवय लागली होती, की तो आपोआप सावरू नये म्हणून त्याने गजच तारांवरून उचलून धरला. आधी बासऱ्या सुटल्या, मग तुताऱ्या. सूर एकमेकांत अडकले आणि सगळं बंद पडलं.

बाईंनी एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली. सगळे त्यांच्याकडेच पाहत होते. त्यांनी छडी खाली ठेवली, कमरेत वाकून सर्वांना नमस्कार केला आणि कठडा धरून त्या चौथऱ्यावरून उतरू लागल्या.

मिनेगिशी हात द्यायला उठला, आणि पुन्हा खाली बसला.