चौपट दुर्बीण

मुलांनो, एक कल्पना करा. तुम्ही दाताच्या डॉक्टरकडून नुकतेच बाहेर आला आहात. गालाला बोट लावलंत तर गाल जागेवर आहे, पण तो तुमचा नाही. कुणीतरी परक्याचा गाल आणून बसवल्यासारखा. चिमटा काढा, काही नाही. आता एकट्या गालाचा नव्हे, सबंध माणसाचा असा बधिरपणा मनात आणा. जेवायचं, शाळेत जायचं, गणितं सोडवायची, सगळं नीट. फक्त त्यात आपण नाही. जमलं? मग काइसा तुम्हाला कळेल.

काइसा बारा वर्षांची. मार्चमध्ये तिच्या बाबांचा, लाइलचा, ओंडक्यांनी भरलेला ट्रक तळ्याजवळच्या वळणावर बर्फावरून घसरला आणि बाबा गेले, तेव्हापासून ती अशी होती. ती रडली नव्हती. चर्चमधल्या बायका वेलदोड्याचा पाव घेऊन यायच्या आणि पाव देता देता तिचा चेहरा न्याहाळायच्या. कुणी काहीही विचारलं तरी तिचं उत्तर ठरलेलं होतं, "चालेल."

नोव्हेंबर आला. उत्तरेकडच्या त्या थंड, जंगली भागात पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि शाळेला सुट्टी असते, कारण सुट्टी दिली नाही तर मास्तरसुद्धा येणार नाहीत. बाबांची बंदूक आता काइसाची होती. दलदलीच्या कडेला फळ्या नि फांद्या लावून केलेला त्यांचा बसायचा आडोसाही तिचाच होता. पण एका अटीवर. घरच्यांच्या जंगलातल्या शिकारी कॅम्पचा जुना रिवाज असा, की पहिल्या सकाळी जो आडोसा रिकामा राहील तो दुसऱ्याचा. गॉर्डीकाकाच्या मुलाला ती जागा हवी होती. तो बोलत नव्हता, पण हवी होती.

अडचण बंदुकीवरच्या दुर्बिणीची होती. जुनी झालेली, आत ओल शिरलेली. घरात ठीक दिसायचं. थंडीत नेली की काचेवर आतून वाफ धरायची आणि हरीण कुठलं, झुडूप कुठलं, कळायचं नाही. आणि आर्वोआजोबांचा, म्हणजे लाइलच्या वडिलांचा, नियम लोखंडासारखा होता: जे नीट दिसत नाही, त्याच्यावर बंदूक उचलायची नाही. दिसत नसेल त्यानं कॅम्पात बसून बटाटे सोलायचे.

"नवी दुर्बीण घेऊ या," आजोबा म्हणाले.

"चालेल."

"म्हणजे जुनी काढावी लागेल."

"ती काढायची नाही," काइसा म्हणाली.

आजोबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. आठ महिन्यांत ती पहिल्यांदाच कशाला तरी नाही म्हणाली होती.

"का गं?"

"ती बाबांनी बसवलीय. गोळी कुठे लागेल ते त्यांनी जुळवलंय. काढली की ते गेलं."

आजोबा वाद घालणारे नव्हते. "बरं," ते म्हणाले. "नवी घेऊन डब्यात ठेवू. बसवायची की नाही ते तू ठरव."

वर्नाचं दुकान म्हणजे बूट, मासे पकडायच्या दोऱ्या, काडतुसं, लोणच्याच्या बरण्या, सगळं एकाच छपराखाली. गॉर्डीकाका आधीच तिथे पोचला होता. लाइलचा धाकटा भाऊ, मोठ्या आवाजाचा. मार्चपासून त्याचा आवाज आणखी मोठा झाला होता.

"पोरी, ही बघ!" त्याने हाताएवढी लांब, पुढे पेल्यासारखं तोंड असलेली दुर्बीण उचलली. "अठरापट जवळ दाखवते! समोरच्या टेकडीवरच्या हरणाच्या पापण्या मोजशील."

"आपल्या दलदलीतून कुठली टेकडी दिसते रे?" आजोबांनी विचारलं.

"असू दे की अप्पा. ताकद हातात असलेली बरी."

"गॉर्डी, तुझ्या बंदुकीवर हीच आहे ना?" वर्ना गल्ल्यामागून म्हणाली. "आणि कॅम्पाच्या भिंतीवर कुणाच्या शर्टांची शेपटं ठोकलीत? तुझीच की." नेम चुकला की शर्टाची मागची कड कापून भिंतीला ठोकायची, हाही तिथला रिवाज. "तुझी बायको म्हणत होती, सगळे शर्ट आता पोटापर्यंतच येतात."

"ते पोट वाढल्यामुळे," गॉर्डी म्हणाला, आणि सगळे हसले. काइसाही ओठ ताणून हसली. हसायची वेळ तिला बरोबर कळत असे.

"आवडली?" काकाने विचारलं.

"चालेल."

"चालेल हे दुर्बिणीचं उत्तर नाही," आजोबा म्हणाले. "दिसतं किंवा दिसत नाही, दोनच उत्तरं. आणि दुकानातल्या दिव्याखाली सगळ्याच छान दिसतात. वर्ना, मागचं दार उघडतेस?"

"तरीच म्हटलं हा माणूस संध्याकाळ धरून का आला," वर्ना कुरकुरली. पण किल्ल्या घेऊन उठली.

दुकानाच्या मागे माल उतरवायचा ओटा होता. समोर लाकडाच्या वखारीचं आवार, त्याच्या पलीकडे झाडांची काळी रांग. दिवस मावळत होता. हरणं हिंडतात ती हीच वेळ, नाहीतर पहाटेची. वर्नाकडे गिऱ्हाइकांसाठी नुसता लाकडी दस्ता होता, नळी नसलेला. त्यावर दुर्बीण बसवून बघता येई.

आजोबांनी आधी अठरापटवाली बसवून दिली.

"काय दिसतं?"

"साल."

"कुठल्या झाडाची?"

काइसाने दुर्बीण हलवली. करडं, पुन्हा करडं, अंधार. "माहीत नाही."

"पुस्तक नाकाला लावून वाचलं तर काय होतं? एकच अक्षर दिसतं, तेही पुसट. जेवढं मोठं करून बघशील तेवढं थोडं दिसणार, आणि उजेडही तेवढा कमी. झाडीत हरीण येतं ते इतकं जवळ, अंगणाच्या त्या टोकाला यावं तसं. याच्यातून तुला त्याचा केस दिसेल, हरीण दिसणार नाही."

"ठीक आहे, ठीक आहे," गॉर्डी पुटपुटला.

दुसरी दुर्बीण चमकदार होती, पण तिच्यातून बघायला काइसाला मान पुढे ताणावी लागे, आणि जरा हललं की कडेला काळी कोर यायची. "बंदूक मागे उडते," आजोबा म्हणाले. "डोळा इतका जवळ नेलास तर कपाळावर चंद्रकोर उमटेल. कायमची."

मग वर्नाने फडताळाच्या तळातून धुळकट खोका काढला. "ही चौपट. फक्त चारपट, कमीजास्त काही होत नाही. फिरवायला कडं नाही, म्हणून कुणी हात लावत नाही."

"चौपट!" गॉर्डी ओरडला. "नावातच हंगाम चौपट झाला की!"

"डोळे मीट," आजोबा काइसाला म्हणाले. "दस्ता खांद्याला लाव. गाल टेक, जिथे आपोआप टेकेल तिथे. मान ताणू नकोस. आता उघड."

काइसाने डोळे उघडले.

वखारीचं अख्खं कुंपण तिच्यासमोर होतं. एका खांबाला टेकलेली सायकल, तिला मागचं चाक नव्हतं. झाडांची कड, खालच्या फांद्या, आणि फांद्यांमधली पोकळी निराळी. एक पिवळा कुत्रा आला, सायकलीचा वास घेऊन गेला. नुसत्या डोळ्यांना तोवर तिथे अंधारच होता.

"दिसतंय," ती म्हणाली.

"अगं बाई, बोलते की ही—" वर्नाने सुरुवात केली. आजोबांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं, तशी ती खोका पुसायला लागली.

आईने दिलेल्या पैशात दुर्बीण आली, ती बंदुकीवर धरून ठेवायची कडी आली, आणि तिघांपुरत्या बटाटा-मटण भरलेल्या, करंजीसारख्या गरम पेस्ट्याही. त्या त्यांनी आजोबांच्या गॅरेजमध्ये उभ्याउभ्या खाल्ल्या. बंदूक शिकंज्यात आडवी धरलेली होती. आजोबांनी ती रिकामी आहे याची खात्री केली, मग काइसाला करायला लावली, मग पुन्हा स्वतः केली. नवी दुर्बीण डब्यातच होती. आजोबा कॉफी ठेवायला आत गेले.

काइसा हात धुऊन वळली, तर गॉर्डीकाका पेचकस घेऊन बंदुकीवर वाकलेला.

"दोन मिनिटांचं काम आहे पोरी, तू बघूसुद्धा नकोस. मी—"

"हात लावू नका!"

तो आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. काकाने पेचकस वर धरला, जणू पोलिसांनी दरडावलं होतं. आजोबा कॉफीचं भांडं घेऊन दारात थांबले.

"मी... मला वाटलं, तिला त्रास नको," गॉर्डी म्हणाला. त्याचा आवाज एवढासा झाला होता. "तसेही ते स्क्रू फिरतच नाहीयेत. लाइलने वर कायतरी जांभळं ओतलंय."

काइसा जवळ गेली. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर जांभळा चमकता थेंब होता, अर्धा स्क्रूवर, अर्धा कड्यावर.

"माझं नेलपॉलिश आहे," ती म्हणाली. गेल्या वर्षी ती बाटली हरवली म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं होतं. बाबांनीही तिच्याबरोबर पलंगाखाली वाकून वाकून शोधली होती.

गॉर्डी खुदकन हसला आणि लगेच पाठ फिरवून भिंतीवर टांगलेली अवजारं न्याहाळू लागला.

"स्क्रू हलला तर थेंबाला चीर जाते," आजोबा म्हणाले. "बघ, एकाला तरी गेलीय का?"

तिने एकेक थेंब पाहिला. "नाही."

"म्हणजे लाइलने बसवली तशीच आहे."

"म्हणजे गोळी अजून त्यांच्याच जागी लागेल?"

आजोबांनी कॉफी खाली ठेवली. मुलांशी खोटं बोलायला त्यांना कधी जमलं नव्हतं. आता शिकावंसं क्षणभर वाटलं.

"त्याने डोळा लावला तर, हो. त्याची मान लांब, गाल रुंद. त्याचा डोळा जिथे यायचा तिथे तुझा येत नाही. तू बघशील तेव्हा काही ना काही फरक पडणारच. ते जुळवलेलं त्याच्यापुरतं होतं, बाळा. तू ही दुर्बीण अशीच ठेवलीस तरी ते तुझ्याकडे येत नाही. ठेवायची तर ठेव. मी तुझ्याबरोबर बटाटे सोलायला बसेन."

गॅरेजमधली शेगडी गुरगुरत होती. काइसा वाट बघत राहिली, आता काहीतरी होईल, डोळे भरतील. काही झालं नाही.

"हे निघतं कसं?" तिने विचारलं.

"ऊब दिली की मऊ होतं."

ती आतून केस वाळवायचं यंत्र घेऊन आली. गॉर्डीने वायर लावून दिली आणि गरम हवा धरून उभा राहिला. काइसाने पेचकस फिरवला. पहिल्या थेंबाला केसाएवढी चीर गेली, मग तो खपलीसारखा निघाला. आभाळ कोसळलं नाही. तिने बाकीचे काढले. जुनी दुर्बीण हातात आली तेव्हा ती वाटली होती त्यापेक्षा हलकी निघाली. तिने ती आजोबांच्या मोज्यात गुंडाळून खणात ठेवली, आणि चौपट बसवताना मान ताणावी लागू नये म्हणून डोळे मिटून, उघडून, पुन्हा मिटून बघितलं.

दुसऱ्या दिवशी ते खडीच्या खाणीवर गेले. बारीक बर्फ भुरभुरत होतं. मातीच्या उंच कड्याला नेमाचा कागद लावला, कानांवर आवाज अडवणारी झाकणं चढवली. आजोबांनी वाळूच्या पिशव्या रचल्या आणि म्हणाले, "घाई नाही. श्वास सोड, मग चाप." काइसाने तीन गोळ्या सोडल्या.

कागदाजवळ जाऊन तिघांनी पाहिलं. तीन भोकं, एकमेकांना चिकटून, पण मधल्या फुलीपासून लांब, डावीकडे खाली.

"पाहिलंत!" गॉर्डी म्हणाला. "हात पक्का आहे पोरीचा. दुर्बीण तेवढी वेडीवाकडी."

"नवी आहे, तिला अजून काही ठाऊक नाही," आजोबा म्हणाले. "वरचं टोपण काढलं की वरखाली, बाजूचं काढलं की डावंउजवं. आतल्या खाचेत नाणं घालून फिरवायचं, एकेका टिकेगणिक नेम थोडा सरकतो. मी करून देऊ? की काकाने?"

गॉर्डीने खिशातून नाणं काढलं होतंच. काइसाने ते त्याच्या तळव्यावरून उचललं. बंदुकीशी येऊन तिने उजव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला. थंड धातू बोटांना झोंबला. तिने वरचं टोपण उघडून खिशात टाकलं, नाणं खाचेत बसवलं, कान जवळ नेला, आणि टिक, टिक, टिक, मोजत फिरवायला लागली.