पातेल्यातला राणीछाप रुपया

मालनने कालवणाच्या पातेल्यातून चांदीचा राणीछाप रुपया काढला आणि मरोळच्या चाळीतल्या पंधरा बायांनी एकदम हात जोडले. रुपया पांढराफेक.

"विष असतं तर काळा पडला असता," मांत्रिक गजाबुवा म्हणाला. "गेल्या आठवड्यात ह्या शेजारच्या शकुच्या पातेल्यात काळा पडला की नाय? मंत्राचा रुपया आहे. खाणं शुद्ध, तुझी सून अशुद्ध. खाडीवरची बाई शिरलीय तिच्यात."

आत सून प्रेमा आडवी. खाडीतल्या तिसऱ्यांची शिंपलं एकटीनेच खाऊन अर्धा तास झाला नाही तोच ओठ बधिरले, मग हात, मग जीभ.

"श्वास लागलाय हिला," शकु म्हणाली.

"ढोंग आहे. झोडा," बुवा म्हणाला.

कडुनिंबाचा फोक मालनने स्वतःच घेतला. सासूच्या हाताला मंत्र कशाला लागतो? दोन तास झोडली. प्रेमाला बोलता येत नव्हतं, नुसतं डोळ्यांतून पाणी. बुवा म्हणे, बाई रडतेय, आता निघेल. निघाली ती प्रेमाच.

शेजारची उत्तरा मासळी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. गोणपाटातल्या उरलेल्या तिसऱ्या ती घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी बुवा सांत्वनाला आला, गर्दी जमली, तेव्हा तीही आली.

"मालनकाकू, तिसऱ्यांचं मांस वाटून आम्लाच्या पाण्यात उकळलं, ते पाणी उंदराच्या पोटात टोचलं. चार मिनिटांत मेला. नुसतं आम्लाचं पाणी टोचलेला दुसरा अजून दाणे खातोय."

"मग रुपया?"

"हे समुद्रातल्या शेवाळाचं विष. शिजवून जात नाही, चांदीला कळत नाही. चांदी काळी पडते ती अंड्याने."

तिने सोबत आणलेल्या उकडलेल्या अंड्याचा बलक कालच्याच रुपयावर थापला. शेजारून चहा येईस्तोवर रुपया काळवंडला. शकुने बुवाची झोळी उपडी केली. आत दोन काळे रुपये आणि एक सोललेलं अंडं.

"माझ्या पातेल्यात हाच टाकलास काय रे, मेल्या?"

मालनने हळूच विचारलं, "वाचली असती?"

"यंत्राने श्वास दिला असता तर बहुतेक. हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे, काकू."

सुतकाच्या घरात चूल पेटली नव्हती, पण कालचं पातेलं तसंच होतं. मालनने ताट वाढलं, बुवापुढे सरकवलं.

"रुपया पांढरा होता, बुवा. जेवा."

"आज माझा उपवास आहे."

मालन बायांकडे वळली. "बघितलंत? त्याचा स्वतःच्या मंत्रावर भरवसा नाय, आणि मी माझं माणूस दिलं. शिंपलं खाऊन ओठ बधिरले तर आधी रिक्षा बोलवा. माझ्या सुनेला श्वास हवा होता. मी फटके दिले."