जबडा

"अजून एक पट्टी. आ कर, बेटा."

क्षिप्राने मान झटकली. भाऊसाहेबांनी तिची हनुवटी धरली आणि दातांमध्ये रचलेल्या लाकडी पट्ट्यांत आणखी एक सरकवली. ती किंचाळली. स्वयंपाकघरात हेमलताने मिक्सर सुरू केला. भांड्यात वाटायला काहीच नव्हतं.

दिल्लीत द्वारकेच्या सोसायटीतल्या घसरगुंडीवरून क्षिप्रा लहानपणी हनुवटीवर पडली होती. जखम भरली, पण कानापुढचा जबड्याचा सांधा आतून हाडाने जुळत गेला. शाळेत जाईपर्यंत तोंडात चमचाही शिरेना. पहिल्या ऑपरेशननंतर तोंड उघडण्याचे हे व्यायाम हेमलता घ्यायची. पोर रडली की तिचा हात थांबायचा. सांधा पुन्हा जुळला. या वेळी, दुसऱ्या ऑपरेशनात, ते हाड कापून तिथे बरगडीचा तुकडा बसवला होता.

"ऑपरेशन तो आधा काम है," डॉक्टर म्हणाले होते. "बाकी आधा घर पर. बच्ची रोएगी, फिर भी."

"माझ्याच्याने नाही होणार," हेमलता म्हणाली.

"मी घेईन," भाऊसाहेब म्हणाले. ऑफिसात शिपायावरही कधी आवाज न चढवलेला माणूस. आता बोटांवर लेकीच्या दातांचे वळ घेऊन ते मेट्रोत उभे राहत.

पूर्वी संध्याकाळी ती बाल्कनीतून त्यांना हाका मारायची. आता बेल वाजली की बाथरूममध्ये लपायची.

"बाबा गंदे आहेत," ती एकदा आईला म्हणाली. "त्यांना सांग ना, ऑफिसमध्येच राहायला."

भाऊसाहेबांनी ते ऐकलं. हात धुतले आणि म्हणाले, "क्षिप्रा, चलो."

पुढच्या तपासणीला डॉक्टरांची बोटं तिच्या दातांमध्ये सहज मावली. "बहुत बढ़िया! पर छोड़ना नहीं. बच्ची बढ़ रही है, फिर जुड़ सकता है." हेमलता तिथेच रडू लागली. भाऊसाहेबांनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून घेतली.

रविवारी ते भाजी घेऊन आले तेव्हा दार लोटलेलं होतं. आत क्षिप्रा अख्खं सफरचंद दातांनी तोडत आईला शाळेतली काहीतरी गंमत सांगत होती आणि मध्येच तोंड भरून खदखदून हसत होती. तिला असं हसताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते उंबऱ्यातच थांबले.

पिशवी खसखसली. क्षिप्राने वळून पाहिलं. तिचे ओठ घट्ट मिटले.

"आत्ता लगेच?" तिने हळूच विचारलं.

"नाही. खाऊन घे आधी," ते म्हणाले. पिशवी दाराशी ठेवली आणि चपला न काढताच जिना उतरून खाली गेले.