गोजरबाईच्या ताटाचा उतारा

मी एक जुना तोलकाटा आहे. आहे म्हणजे, पडून आहे. दांडी वाकली, आकडे झिजले. मित्रांनो, काट्याची गोष्ट आकड्यांनीच पुढे सरकते.

ओतलो गेलो मुंबईला. आगगाडीने खामगावपर्यंत, पुढे बैलगाडीने अमडापूरच्या जिनात आलो. तिथे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करत. माझी फळी जमिनीसपाट बसवली. तिच्यावर कापसाचे बोजे चढत आणि तोलारी निवृत्ती खणखणीत आवाजात वजन पुकारत असे. "काटा असावा तं असा!" शेतकरी म्हणत. मी फुगून जाई.

दोन मण दहा शेर.

हा कापूस नव्हे. ही निवृत्तीची बायको गोजरबाई. कार्तिकात तिच्या लेकीची, कोकिळेची सुपारी फुटली, तेव्हा दुसरबीडची विहीण, काडीसारखी वच्छलाबाई, सगळ्यांसमोर म्हणाली होती, "ईनबाई, लग्नात आपली फुगडी होईन ना? का तुमाले फिरवाले बैल जुपा लागतीन?"

बायका खदखदून हसल्या. गोजरबाईही हसली. पण माहेरी ती नामांकित फुगडीवाली होती! दुसऱ्याच दिवशी ती माझ्या फळीवर येऊन उभी राहिली. "वैशाखात बरोब्बर दोन मण. आन् फुगडी मीच जिंकीन!"

दवाखान्यातला कंपाउंडर गुलजार रुई न्यायला जिनात येई. त्याने तिला कागद लिहून दिला. कोणत्या घासात किती ऊब, म्हणजे किती उष्मांक. "वयनी, दिवसाले पंधराशे. त्याच्यावर जायाचं नाही. हिसाब एकदम सीधा."

हिशेब सरळ आणि बाई हुशार. तिने वरण सोडलं, भाकर सोडली आणि त्या जागेत गोड चहा, गूळ, शेव बसवली. पंधराशे म्हणजे पंधराशे.

पौषात: दोन मण चार शेर!

हमालांनी टाळ्या पिटल्या. त्याच आनंदात तिने शेजारच्या पुष्पाबाईचे हात धरले. एक फेरा, दोन, तीन. चौथ्याला ती मटकन खाली बसली.

"अवं, वजनासंग जीवही उतरला का व?" पुष्पाबाई घाबरली.

गोजरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्न चार महिन्यांवर होतं.

तेवढ्यात दोन बोजे आले. पुष्पाबाईने तिला बाजूला बसवलं आणि मी ते तोलले. दोन्ही सारखेच भरले. व्यापाऱ्याने दोन्हींतली मूठमूठ घेऊन सरकी सोडवली आणि कडूबा शेतकऱ्याच्या बोज्याला भाव कमी दिला.

"काऊन शेठ? वजन तं सारखंच हाय!"

"वजन सारखं, पण रुईचा उतारा कमी. तुझ्यात सरकीच जास्त, रुई कुठी हाय?"

गोजरबाई ताडकन उठली. गुलजार समोरच रुई बांधत होता.

"गुलजारभाई, माह्या पंधराशांचा उतारा कोनं पाह्यला?"

गुलजारने डोकं खाजवलं. "बात खरी हाय, वयनी. नत्र अंग बांधते, पिष्ट काम करवते, स्निग्ध थोडंच पुरते. म्या नुसती बेरीज देल्ली."

"मंग आता फोड करून द्या!"

तिच्या ताटाचे वाटे पडले. नत्रासाठी तुरीचं वरण, मटकीची उसळ, ताक. पिष्टासाठी ज्वारीची भाकर. स्निग्धासाठी मोजून तेल.

"आन् पंधराशांचं काय?" निवृत्तीने विचारलं.

"थे बी पाहीन. पन आधी कशाचे, मंग किती."

माघात: दोन मण पाच शेर.

वाढलं! निवृत्तीने आकडा पुकारलाच नाही, कानात सांगितला. गोजरबाई मात्र हसली. ती पुष्पाबाईला वीस फेरे फिरवून आली होती.

वैशाख, लग्नाची सकाळ: दोन मण तीन शेर. नेम तीन शेरांनी हुकला.

"राहू द्या," म्हणत तिने पदर खोचला.

मांडव जिनाच्याच अंगणात होता. सगळीकडे खडी, सपाट जागा माझी फळी तेवढी. फुगडीत पावलं मध्ये जुळतात आणि अंगं बाहेर झुकतात. दोघी विहिणी माझ्यावर चढल्या. लुगडी भिरभिरली. माझी दांडी वर उडे, खाली आपटे. निवृत्ती सवयीने धावला, वजन पुकारायला तोंड उघडलं, आणि हसतच राहिला. माझ्यापाशी आकडाच नव्हता.

चाळीस फेऱ्यांनंतर वच्छलाबाई ओरडली, "सोडा ईनबाई, म्या हरली!"

"सोडू कशी? पडसान ना! हळूहळू थांबू."

आणि हात न सोडता ती तिला हळूहळू थांबवत गेली.

मित्रांनो, कधी काट्यावर उभे राहाल तर आकडा जरूर ऐका, पण उतरल्यावर कोणाचे तरी हात धरून चार फेरे फिरूनही पाहा. आणि माझ्या सांध्यांत दोन थेंब तेल सोडा. मी फार कुरकुरतो.