उन्हाला भिणारं भूत

इंदूबाईंच्या अंगणात त्या सकाळी एवढी माणसं जमली होती की तुळशीच्या कट्ट्यावरही तिघं चढून बसले होते. लग्न नव्हतं, बारसं नव्हतं. त्यांच्या सुनेच्या मनगटावर ठेचलेला लसूण बांधला होता आणि तिचा हात भाजतो की नाही, हे बघायला गाव आलं होतं.

सून म्हणजे नम्रता. ओटीवर, दाराच्या सावलीत, भिंतीला पाठ लावून बसलेली. समोर पाटावर तेजोनाथ महाराज. कल्याणकडून पांढऱ्या गाडीतून आलेले, कोरलेली दाढी, गळ्यात रुद्राक्ष आणि रुद्राक्षातच गुंतलेली इयरफोनची वायर.

"हे आपल्याकडचं पिशाच नाही," महाराज म्हणाले. "रक्तपिशाच आहे. व्हॅम्पायर. ऊन सोसत नाही, रंग पांढराफटक, ओठाला रक्त, अन्नावर वासना नाही. सगळी लक्षणं जुळतात. लसूण शेवटची खूण."

हा परदेशी पाहुणा खोपोलीच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात आला कसा, याचंही उत्तर तयार होतं. नम्रताचा नवरा किरण उरण ते रसायनी कंटेनरचा ट्रेलर चालवतो. त्यातल्याच एका कंटेनरमधून आत्मा बंदरावर उतरला आणि किरणच्या पाठीवर बसून घरी आला. किरण दबक्या आवाजात म्हणाला की कंटेनरला सील असतं. महाराज म्हणाले, आत्म्याला सील लागू नाही. कस्टमवाल्यांचा विषय तिथंच मिटला.

मग कापड सोडलं. मनगटावर लालभडक चट्टा, मध्ये पाण्यानं भरलेला फोड. अंगणातून एकच आवाज निघाला. इंदूबाईंनी महाराजांचे पाय धरले. हुकूम सुटला: हिला अंधाऱ्या खोलीत ठेवा, अमावास्येला होम करू, आणि डॉक्टरच्या गोळ्या आजपासून बंद. गोळ्यांनी तिला नाही, आतल्याला ताकद मिळते.

त्या गोळ्यांवरच ती पोरगी जगत होती.

माझी पिठाची गिरणी इंदूबाईंच्या घरासमोर आहे. दळण होईपर्यंत नम्रता गव्हाच्या पोत्यावर बसून बोलायची. तिच्या आजाराचं नाव तिनंच मला सांगितलं होतं, पनवेलच्या डॉक्टरांकडून शिकून आल्यावर: ल्युपस. शरीराची राखण करणारी फौजच शरीरावर उलटते. सांधे सुजतात, अंगावर सूज येते, तोंड येतं, केस गळतात, रक्त कमी होतं, नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर लाली पसरते, आणि उन्हानं सगळंच भडकतं. ऊन टाळायचं आणि गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. एवढं पाळलं तर वर्षानुवर्षं संसार होतो. हे सांगताना ती हसली होती. म्हणाली, "काकू, बरं झालं, सासूबाई आता मला शेतावर पाठवणार नाहीत."

त्यातच इंदूबाईंच्या खुराड्यातल्या कोंबड्या मरायला लागल्या. मानेवर दाताच्या खुणा, मांस जागेवर, रक्ताचा मागमूस नाही. ज्यांच्या हातात दिवसभर मोबाईल त्या पोरांनी आधी व्हॅम्पायर हा शब्द काढला, आयांनी तो उचलला, आणि महाराजांचा नंबर कुणाच्या तरी मोबाईलमध्ये निघालाच.

त्या दिवशी गर्दी पांगायच्या आत मी खलबत्त्यात लसूण ठेचला आणि सगळ्यांसमोर माझ्या मनगटावर बांधला. महाराजांनाही बांधू का विचारलं. ते म्हणाले, साधूला परीक्षा नसते. मग जितेश पुढे आला. हा आमचा व्यायामशाळेतला पैलवान, व्हॅम्पायरच्या सगळ्या मालिका बघून बसलेला. त्यानं हौसेनं दंड पुढे केला. तासाभरानं दोघांचीही कापडं सोडली. माझ्या मनगटावर फोड, त्याच्या दंडावर त्याहून मोठा. कच्चा लसूण ठेचून घट्ट बांधला की कुणाचीही कातडी भाजते. त्यातला रसच तसा जहाल. भाकरीबरोबर खाताना कळत नाही, कारण कुणी चटणी मनगटाला बांधून जेवत नाही.

लोक हसायला लागले. महाराज हसले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की हा लागणीचा रोग आहे, आता या बाईलाही झालाय आणि या पोरालाही. माझ्या बाजूला बसलेल्या बायका पदर सावरत जरा लांब सरकल्या. जितेशची आई रडायलाच लागली.

तेवढ्यात सोनुबाई काठी टेकत पुढे आल्या. गावातली सगळ्यात जुनी बाई. भुतांचा त्यांचा अभ्यास दांडगा.

"ह्याचं भूत उन्हाला भितं म्हनं," त्या सगळ्या अंगणाला म्हणाल्या. "अरं, भुताची येळच बारा वाजता. आमाला भर दुपारी नदीव जाऊ देत नसत. आन लसनाला भितं? मंग या गावात एकबी भूत ऱ्हायलं नसतं. लसनाबिगर कंचं कालवन शिजतं गं आपल्यात?"

महाराज काहीतरी बोलायला गेले. सोनुबाईंनी काठी वर केली.

"रगत पिनारी पांढरीफटक कशी असंल रं? ती लालबुंद पायजे, फुगल्याली. आन पाय बघितलंस का तिचं?"

"पाय?" महाराज म्हणाले.

"पाय उलटं असत्यात हडळीचं. शाळंतल्या पोरान्ला ठाव हाय. आन तू म्हाराज."

अंगण असं हसलं की तुळशीकट्ट्यावरचा एक जण खाली पडला. पांढरी गाडी चहा न घेताच गेली. मी त्या दिवशी खूश होते. सोनुबाईंना गिरणीत बसवून मी माझ्या हातानं चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी किरणला घेऊन कोंबड्यांचं खुराडं तपासलं. मागच्या बाजूची जाळी खालून उचकटलेली, आणि तिथंच विष्ठा पडलेली, करवंदाच्या बियांनी भरलेली. उदमांजर. मे महिन्यात ते करवंदंही खातं आणि कोंबड्याही. मान पकडून मारतं, गडबड झाली की तसंच टाकून पळतं. मेलेल्या जिवाचं रक्त आत गोठतं, खाली बसतं. बाहेर दिसलं नाही म्हणजे कुणी प्यायलं असं नाही. किरणनं जाळी ठोकली. कोंबड्या मरायच्या थांबल्या. त्यानं बायकोच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि लांबच्या भाड्यावर गुजरातला गेला.

नम्रता गिरणीत आली ती भिंतीचा आधार घेत. पोत्यावर बसली. मग म्हणाली, "काकू, मी झोपेत तर नसेन ना मारल्या कोंबड्या?"

मी तिला उदमांजराचं पुन्हा सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, मान हलवली. मग केसांवरून हात फिरवला तर हातात केस आले.

"मालिकेतल्या त्या बाया किती सुंदर असतात," ती म्हणाली. "मरत नाहीत, म्हाताऱ्या होत नाहीत. पोरं मागे लागतात त्यांच्या. मला त्यातलं काहीच नाही मिळालं. नुसतं ऊन तेवढं लागतं."

आम्ही दोघी हसलो. मी तिला मला जे वाचून ठाऊक होतं ते सांगितलं. तिकडे परदेशातल्या खेड्यांतली जुनी रक्तपिशाचं अशी देखणी नव्हतीच. काळा कोट नाही, वाडा नाही. गावातलाच मेलेला शेजारी. घरात क्षय शिरून एकामागून एक माणूस खंगायला लागला की लोक कबर उकरत. आत प्रेत फुगलेलं, तोंड लाल, ओठाशी रक्त. कुजताना प्रेताचं तसंच होतं, पण लोकांना वाटे हा रोज येऊन पितोय. गोरा रंग आणि रुबाब नंतर कथा लिहिणाऱ्यांनी दिला, आणि उन्हानं राख होणं सिनेमावाल्यांनी. म्हणजे तिकडचं जुनं भूतही सोनुबाईंच्या हडळीसारखंच लालबुंद. दोन्हीकडे दुखणं खरं, पिणारा खोटा.

नम्रताला हे आवडलं. मलाही सांगताना आवडलं. पण आम्ही दोघी गिरणीत बोलत होतो आणि समोरच्या ओटीवर सोनुबाई आणि इंदूबाई बोलत होत्या.

सोनुबाईंनी महाराजांचं भूत खोटं पाडलं होतं. भूत खोटं असतं, असं त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या. मी ते ऐकलं होतं आणि ऐकायचं टाळलं होतं. आता इंदूबाई विचारत होत्या की ते परदेशी नव्हतं तर हे कोण आहे. आणि सोनुबाईंनी, मनात काही वाकडं न ठेवता, सांगितलं की गालावर लाली आहे, अंग फुगलंय, पाय एकदा बघून घ्या. चेहरा तोच. महाराजांनी त्यातला पांढरेपणा उचलला होता, सोनुबाईंनी लाली उचलली.

नदीपलीकडून येसाजी भगत आला. याच्याकडे गाडी नव्हती, इयरफोन नव्हता, म्हणून लोकांना तो खरा वाटला. त्यानं ओटीवर चुलीतली राख पसरली आणि नम्रताला तीवरून चालवलं. राखेत टाचा खोल उमटल्या, बोटं जवळजवळ नाहीतच. येसाजीनं बोट दाखवलं. जोर बोटांवर यायला हवा, तो टाचेवर आहे. पाय उलटे.

त्या पोरीच्या पायाची बोटं सुजून दुखत होती. ती कित्येक महिने टाचांवर भार टाकून चालत होती. ज्याच्या पायाला एकदा ठेच लागली आहे, त्यानं राखेवरून चालून बघावं; तोही हडळ ठरेल. पण हे सांगायला मी तिथं नव्हते. गिरणीचा पट्टा तुटला होता, तो मिळेपर्यंत चार दिवस कर्जतला अडकले होते.

परत आले तर रस्त्यावर माणूस नाही. नदीकडून हलगीचा आवाज. हडळ ज्या वेळी अंगात भरते त्याच वेळी ती काढायची, असा येसाजीचा हिशेब. म्हणजे बारा वाजता. म्हणजे मे महिन्याच्या उन्हात, पाणी आटून उघड्या पडलेल्या कातळावर.

मी छत्री उघडून धावले. नम्रता कातळावर मांडी घालून बसली होती, केस सोडलेले, चेहरा उकडल्यासारखा लाल. तिच्या भोवती गाव, सगळे झाडांच्या सावलीत. मी तिच्या डोक्यावर छत्री धरली. येसाजी ओरडला की हिला पण बाजूला करा. इंदूबाईंनी माझा हात धरला.

"आजचा तिसरा दिस हाय गं," त्या म्हणाल्या. "आज निघंल. सून वाचू दे माजी."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना सून हवी होती. त्यांचेही डोळे रडून सुजले होते.

तीन दुपारी उन्हात. आणि गोळ्या पुन्हा बंद, कारण येसाजीनंही तेच सांगितलं होतं. या एका बाबतीत सगळ्यांची विद्या जुळते. नम्रतानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकू, पाणी." पाणी मी दिलं. मग तिला झटके आले. गाव म्हणालं, निघाली, निघाली.

मी तिला गाडी करून पनवेलच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी किरणला फोनवर झापलं, मग मला. मूत्रपिंडं गेली होती. ऊन आणि बंद केलेल्या गोळ्या, एवढंच म्हणाले. किरण गुजरातहून पोहोचला तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. चौथ्या दिवशी गेली.

तेराव्यानंतर इंदूबाई गिरणीत आल्या. हातात दळण नव्हतं.

"म्हाराज म्हनला परदेशी. येसाजी म्हनला हडळ," त्या म्हणाल्या. "तू समदं वाचतीस. खरं सांग गं, ती व्हती तरी कोन?"

"नम्रता होती," मी म्हणाले. "तुमची सून. आजारी होती."

त्या पोत्यावर बसल्या, तोंडाला पदर लावून रडल्या. मला वाटलं, आता तरी. मग डोळे पुसून त्यांनी हळूच विचारलं की कोवळ्या वयात गेलेली बाई परत येते म्हणतात, ते खरं का. येसाजीनं उंबऱ्याला खिळे ठोकून दिले आहेत, तेवढ्यानं भागेल का.

मी जाळीचं सांगितलं, लसणाचं, राखेचं, उन्हाचं. त्यांनी सगळं ऐकलं. जाताना त्या माझ्या उंबऱ्याकडेही बघून गेल्या, खिळे आहेत का म्हणून. येसाजीच्या दारात आता खालापूरपर्यंतची माणसं येतात. नम्रता मेली हा त्याच्या विद्येचा पुरावा ठरलाय: हडळ होतीच, किती जबर होती बघा.

म्हणून हे लिहिते आहे, फारशी आशा नसताना. तुमच्या घरात कुणी ऊन चुकवत असेल, खंगत असेल, कुणाच्या गालावर लाली उठत असेल, तर ते कुठलं भूत यावर वाद घालू नका. मालिकेतलं की आजीच्या गोष्टीतलं, या वादात जो जिंकेल तोही माणूस गमावून बसेल. फोड आला तर तोच लसूण आपल्या हाताला बांधून बघा. पाऊल वेगळं उमटलं तर पाय दुखतो का विचारा. डॉक्टरकडे न्या, आणि एकदा नेल्यावर पुन्हा न्या. गोळ्या बंद करा असं जो कुणी सांगेल, त्याला दाराबाहेर घालवा.

त्या दुपारी कातळावर मी एकटीच छत्री घेऊन गेले होते. एकीला बाजूला सारणं सोपं असतं. तुमच्या गावात निदान दोघं-तिघं जा.