बोडकी अक्षरं

पाट्या रंगवायच्या त्या दुकानात सगळे त्यांना वहिनीच म्हणत. दीर म्हणायचे म्हणून पत्रा कापणारा मिस्त्री म्हणायचा, आणि पाट्या न्यायला येणारी गिऱ्हाइकंही. नवरा गेल्यावर वहिनी त्याच्या अक्षरं काढायच्या उतरत्या टेबलाशी जाऊन बसल्या, तेव्हा दिरांना वाटलं होतं, बसतील चार दिवस, मन रमलं की उठतील. दोन वर्षं झाली. वहिनी उठल्या नव्हत्या.

उलट त्यांनी त्या टेबलावर नवीनच खूळ मांडलं होतं. वर्तुळ, चौकोन आणि पाव वर्तुळ, एवढ्या तीनच आकारांतून सगळी अक्षरं काढायची. जाडजूड, ठसठशीत, पोटात जेमतेम हवा ठेवलेली. आणि डोक्यावर रेघ नाही.

"रेघ का नाही?" दिरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"रेघेला टांगलेली अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसतात, भावोजी. माझी जमिनीवर उभी राहतील."

आता नव्या सभाघराच्या दर्शनी भिंतीवर पुरुषभर उंचीची अक्षरं लागायची होती. सभाघराच्या चिटणीसबाईंनी दोन नमुने मागवले होते. एक वहिनींचा, दुसरा त्यांच्या नवऱ्याच्या जुन्या, रेघेच्या अक्षरांचा. पसंत पडेल तो भिंतीवर चढणार, दुसरा फडताळात जाणार. आपला नमुना फडताळात गेला तर टेबलही गेलं, हे वहिनींना ठाऊक होतं. दिरांनी तसं गोड आवाजात बोलूनही दाखवलं होतं. "मग तुम्ही पुढे काउंटरवर बसा, वहिनी. तिथे पंखाही आहे."

बाईंना दाखवण्याआधी वहिनींनी 'सभाघर' अशी पुठ्ठ्याची अक्षरं कापून समोरच्या भिंतीवर चिकटवली. दीर रस्त्याच्या अलीकडे उभे राहिले, चष्मा सारखा केला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "समाधर!"

मिस्त्री फिस्सकन हसला. "कोण हो हे समाधरराव? आपल्याकडे येऊन गेलेत का कधी?"

चूक खरी होती. भ आणि म, घ आणि ध यांच्यातला फरक सांगायचं काम आजवर रेघच करत आली होती. म आणि घ यांच्या डोक्यावरून ती सलग जाते, भ आणि ध यांच्यापाशी तुटते. रेघ काढून टाकली, आणि जोड्या जुळ्या भावांसारख्या दिसायला लागल्या.

"तरी मी सांगत होतो!" दिरांना चेव चढला. "डोक्यावर रेघ हवीच. ही असली बोडकी अक्षरं..."

आणि त्यांनी जीभ चावली. शब्द मात्र सुटला होता. हा शब्द पूर्वी कोणत्या बाईला लावत, ते तिथल्या तिघांनाही माहीत होतं. मिस्त्रीने मोजलेला पत्रा उगाचच पुन्हा मोजायला घेतला.

"वहिनी, मला तसं म्हणायचं नव्हतं हो."

"कळलं मला." वहिनी पुठ्ठे सोडवत होत्या. "शब्द चांगला आहे. राहू दे."

पुढचे आठ दिवस त्या टेबलावरून हलल्या नाहीत. रेघ परत घालणं पाच मिनिटांचं काम होतं. दिरांनी पट्टी आणून टेबलावर ठेवलीही. वहिनींनी तिच्यावर चहाचा कप ठेवला. भ काढला, खोडला, पुन्हा काढला. काही केल्या जमेना. आणि मग एका सकाळी, पेन्सिलीला टोक करता करता त्यांच्या लक्षात आलं, की भ, ध आणि त्यांच्याच जातीचा थ, ही मंडळी मुळात रेघेला जुमानतच नव्हती. रेघ आली की डोकं काढून तिला तोडायचीच. मग त्यांना झाकायचं कशाला? वहिनींनी तिघांच्याही डाव्या टोकावर एकेक भरीव गोळा बसवला. वळलेल्या मुठीसारखा.

चिटणीसबाई आल्या. दोन्ही नमुने भिंतीवर शेजारी शेजारी होते. बाईंच्या कपाळाला आठी पडली. "हे सगळ्यांना वाचता येईल ना हो? मागे काहीतरी घोटाळा झाला म्हणे."

बातमी कुणी पोचवली ते विचारायची गरज नव्हती. दीर आपल्या चपलांकडे बघत होते.

"ज्यांनी चुकीचं वाचलं त्यांनाच वाचू द्या," वहिनी म्हणाल्या. "भावोजी, चष्मा इथे ठेवा आणि त्या कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत जा."

दीर खांबाच्याही दहा पावलं पुढे गेले. वाचता येऊ नये अशीच त्यांची मनापासून इच्छा होती. डोळे बारीक करून ते बराच वेळ बघत राहिले.

"दादाच्या नमुन्याचा नुसता काळा पट्टा दिसतोय!" ते शेवटी चिडून ओरडले.

"आणि दुसरा?"

वहिनींनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"सभाघर," दीर पुटपुटले.

"काय? ऐकू नाही आलं!" वहिनी ओरडल्या.

"सभाघर! सभाघर लिहिलंय! बहिरे झालात का सगळे?"

बाईंनी मागणीचा कागद काढला. "या अक्षरांचं नाव काय लिहू?"

"बोडकी," वहिनी म्हणाल्या.

दीर धापा टाकत पोचले होते. "अहो, चारचौघांत हे नाव? लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. शब्द तुमचाच, मी फक्त ठेवून घेतला. आणि यांचे साचे ठेवायचे त्या फडताळाच्या कप्प्यावर नाव तुम्हीच लिहा. तुमचा हात चांगला आहे."

दिरांनी ब्रश घेतला. तीन अक्षरं काढली, बरी काढली, आणि सवयीने हात रेघ ओढायला वर डावीकडे गेला. वहिनी मागे उभ्या होत्या. दिरांनी ब्रश थोडा वेळ तसाच अधांतरी धरला, आणि मग धुवायला टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवला.