बारा पॉइंट सात

मित्रांनो, मी एक जुना, पिवळ्या रंगाचा मीटर आहे. विजेचा दाब मोजायचा, एवढंच माझं काम. पोटात एक चौकोनी सेल, पुढे आकड्यांची काच आणि लाल-काळ्या दोन वायरी, हा माझा सगळा संसार. कुठल्या कारखान्यात झालो ते आठवत नाही. शिरे नदीकाठचं हे गाव मात्र पक्कं आठवतं. इथेच मला मान मिळाला आणि इथेच मी एका घराचं वाटोळं केलं.

माझा मालक फॅक्सन. आधी तो सायकली दुरुस्त करायचा. मिशनच्या लोकांनी त्याला दहा दिवस सोलरचं काम शिकवलं आणि निघताना मला त्याच्या हातात दिलं. मग काय, गडी बदललाच. मी खिशाला लटकलेला आणि त्याच्या चालण्यात ऐट. बोअरवरच्या बायका हसायच्या, "आला गं बाई सूर्याचा डॉक्टर! ज्याला नाडी दाखवायचीय त्याने रांगेत यावं." पण रांग खरोखरच लागायची. टॉर्चचे सेल, मोबाईलचे चार्जर, न्हाव्याच्या मशीनची बॅटरी, सगळं माझ्यापुढे यायचं. मी आकडा दाखवला की वाद मिटायचा. खरं सांगतो, मला ते फार आवडायचं.

फॅक्सन मनाचा चांगला, पण त्याला एक खोड होती. काम झालं की मला बंद करायला विसरायचा. माझा सेल फुकट झिजत राहायचा. त्यात एकदा मी सायकलवरून पडलो आणि काचेला तडा गेला. त्याने कोपऱ्यावर काळी चिकटपट्टी मारली. सेल संपत आल्याची खूण नेमकी त्याच कोपऱ्यात उमटते. ती पट्टीखाली उमटत राहिली, कोणाला दिसली नाही. आता आमची एक वाईट गोष्ट सांगतो. पोटातला सेल उतरला म्हणून आम्ही काही गप्प बसत नाही, आम्ही आकडा वाढवून सांगतो.

गावाच्या टोकाला दायलेसी राहते. सगळे तिला आत्या म्हणतात. नवरा नाही, बारा वर्षांची एकच मुलगी, तियान्जाने. मुलीला साखरेचा आजार. रोज दोनदा सुई टोचावी लागे आणि ते औषध गारच ठेवावं लागे. जिल्ह्याच्या दवाखान्यातून तीन महिन्यांच्या बाटल्या एकदम मिळत. म्हणून दायलेसीच्या भावाने छतावर पॅनेल, घरात एक बॅटरी आणि छोटा फ्रिज बसवून दिला होता. त्या फ्रिजमध्ये औषधाशिवाय दुसरं काहीही ठेवायची दायलेसीची छाती नव्हती.

ऑक्टोबरात, पत्र्याला हात लावला तर भाजेल अशा उन्हात, तिचा निरोप आला. बॅटरी आणि फ्रिज यांच्या मध्ये भिंतीवर एक डबी असते. बॅटरी फार उतरली की ती लाल दिवा लावते आणि फ्रिज बंद करते. दिवा लाल झाला होता.

फॅक्सनने माझ्या वायरी बॅटरीला टेकवल्या. बॅटरीत होते जेमतेम साडेअकरा व्होल्ट, म्हणजे ती जवळजवळ रिकामी. मी दाखवले बारा पॉइंट सात.

"बॅटरी फुल्ल आहे, आत्या. डबीच बिघडलीय. उगाच लाल दिवा दाखवते."

"अरे, पण दिवसभर एवढं ऊन पडतं आणि संध्याकाळी डबीचा दिवा हिरवा न होता पिवळाच जळतो. आठवडाभर बघतेय मी. वर चढून पॅनेलची वायर तरी बघ एकदा."

"वर काय बघायचंय? आकडा समोर आहे ना!"

"आकडा तुझा. घर माझं आहे."

"आत्या, तुम्ही चुलीवर मक्याच्या पिठाची न्सिमा घोटा, त्यात मी बोलतो का? विजेचं माझ्यावर सोडा."

तियान्जाने दारातून म्हणाली, "आई, डॉक्टरशी भांडू नये. कडू गोळी देतील." तिघंही हसली.

दायलेसीचं म्हणणं बरोबर होतं. पॅनेलच्या वायरीचा जोड हिरवा पडून कुजला होता आणि वीज खाली जेमतेम झिरपत होती. पॉलिश पेपर मारून घट्ट आवळायचा, दहा मिनिटांचं काम. पण वर कोणी चढलं नाही. फॅक्सनने डबी काढून फ्रिज थेट बॅटरीला जोडला. फ्रिज घरघरला, दायलेसीने खूश होऊन त्याला भाजलेले शेंगदाणे दिले. मला ओरडावंसं वाटत होतं. आता बॅटरी पार उतरण्याआधी फ्रिज थांबवणारं कोणीच उरलं नव्हतं.

आठवड्याने तिने पुन्हा बोलावलं. फ्रिज दुपारी थोडा चालायचा आणि बंद पडायचा. या वेळी मी बारा पॉइंट दोन दाखवले, तेही खोटेच. "फ्रिजचा गॅस गेला असणार," फॅक्सन म्हणाला. गॅसवाला शहरातून यायचा होता. तोवर दायलेसी बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळत राहिली. तिकडे पोरगी घड्यामागून घडा पाणी पिऊ लागली. सुई रोज टोचली जात होती, पण औषधात जीव उरला नव्हता. एका सकाळी तियान्जाने हाकेला ओ देईना. सायकल-टॅक्सीवर आईने तिला मागून धरून दवाखान्यात नेलं. नर्सने बाटली उजेडात धरली आणि म्हणाली, "ताई, हे केव्हाच वाया गेलंय." तिसऱ्या दिवशी मुलगी गेली.

पुढच्या महिन्यात कोणीतरी पाकिटातला कोरा टॉर्चचा सेल घेऊन आलं. तो दीडचा असतो. मी एक पॉइंट आठ दाखवले. दुसरा कोरा सेल लावला, तेवढेच. फॅक्सनने मला उलटसुलट करून पाहिलं. मग त्याने नखाने पट्टी सोलली आणि खूण पाहिली.

त्याने माझा सेल बदलला आणि मला घेऊन दायलेसीच्या घरी गेला. मी खरं सांगितलं, दहा पॉइंट दोन. तो छतावर चढला, जोड घासला, आवळला, डबी परत लावली. चार दिवसांच्या उन्हाने फ्रिज गार झाला, तेव्हा तो पुन्हा आला.

"आत्या, माझा मीटर खोटा होता," तो म्हणाला. "आणि मी तुमचं ऐकलं नाही."

दायलेसीने फ्रिजचं दार उघडलं. "आता यात काय ठेवू, फॅक्सन?"

त्याने दार हळूच लोटलं.

"वायर काढ," ती म्हणाली. "रिकामा कशाला चालवायचा?"

त्याने ती काढली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर काम झाल्यावर त्याला बंद करा, आणि अधूनमधून एखादा कोरा सेल लावून त्याची परीक्षा घ्या. मी आता एकदम बरोबर मोजतो. दायलेसीच्या घरी मोजायला काही उरलेलं नाही.